जेवताना चावायची गोळी

मे महिन्याची अकरा तारीख, रविवार. सोलां, म्हणजे आमसुलं, करायची होती. परसातल्या झाडाची भिरंडां, म्हणजे ज्यांना इतर ठिकाणी रतांबे म्हणतात ती, दोन टोपल्या उतरवून ठेवली होती आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाहीत, मऊ पडतात. मी आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून फळं अर्धी करत होते. गर आणि बिया मातीच्या भांड्यात, साली सुपात. सालींना मीठ लावायचं, उन्हात टाकायच्या, मग सुटलेल्या रसात बुडवून पुन्हा उन्हात. काम अवघड नाही, पण मधेच उठता येत नाही, कारण हात लाल होतात आणि ज्याला लावाल तेही लाल होतं.

माझी मुलगी समोर बसून साली एकेक करून पसरत होती. दहा वर्षांची आहे. तिला असली कामं आवडतात आणि ती नीट करते. बोलता बोलता ती गप्प झाली. मी वर बघितलं तर तिने उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता.

"काय झालं?"

"काही नाही. मुंग्या आल्या."

"दाखव."

तिने हात पाठीमागे नेला. मी उठले आणि तशाच लाल हातांनी तिचा हात पुढे ओढला. अंगठा तळव्यात दुमडला होता, बाकीची बोटं ताठ आणि एकमेकांना चिकटलेली, मनगट आत वळलेलं. बांगड्या भरायला कासारापुढे हात जसा आवळून धरतात, तसा. फक्त इथे तो तिने धरलेला नव्हता.

ती बोटं सोडवायची नसतात. ओढली तर दुखतं आणि उपयोग काही होत नाही. मी तिला ओटीवर बसवलं, केळं सोलून दिलं आणि त्याच्याबरोबर कॅल्शियमची गोळी चावायला दिली. ओठांना मुंग्या येताहेत का, विचारलं. नाही म्हणाली. ओठ फडफडायला लागले किंवा बोलणं जड झालं तर थेट इस्पितळात आणा, असं मला सांगून ठेवलेलं आहे. मी हात धुतले आणि तिच्याजवळ बसून राहिले. बऱ्याच वेळाने अंगठा बाहेर आला.

"परत शाळेत सांगू नकोस," ती म्हणाली.

"सुट्टी आहे."

"जूनमध्ये पण सांगू नकोस."

हा हात मला ओळखीचा होता. पण दीड वर्ष तो दिसला नव्हता, आणि औषधं चालू असताना तो दिसायला नको होता. त्या दिवशी मला एवढंच कळत होतं की औषधं मी देते आहे आणि ती लागू पडत नाहीत.

पहिल्यांदा तिला आकडी आली तेव्हा ती पहिलीत होती. आम्ही पेडणे तालुक्यात पार्श्याला राहतो, शाळा चालत जायच्या अंतरावर. प्रार्थनेच्या वेळी ती रांगेतच कोसळली. मी पोचले तेव्हा बाईंनी तिला कुशीवर वळवून ठेवलं होतं आणि कोणीतरी तिच्या नाकाशी कांदा धरला होता. मग जे सगळ्यांच्या घरी होतं ते आमच्या घरी झालं. एका डॉक्टरांनी आकडीचं औषध सुरू केलं. सासूबाईंनी देवळात प्रसाद लावला, म्हणजे कौल मागितला. देवीने उजवी पाकळी दिली, म्हणजे बरं होणार. औषधाने मुलगी सुस्त झाली, आकड्या मात्र थांबल्या नाहीत.

मुलगी लहानपणापासून बुटकी, अंगाने गोल, तोंडाने गोल. वर्गातली मुलं तिला उंडो म्हणतात. उंडो म्हणजे आमच्याकडचा गोल, कडक सालीचा पाव, पोदेर सायकलवरून विकतो तो. एकदा रडत घरी आली तेव्हा मी म्हटलं, "उंडो म्हटलं तर काय बिघडलं? सकाळी पोदेर हॉर्न वाजवत आला की सगळा गाव धावतो त्याच्यासाठी." तिला ते पटलं नाही. पण रडणं थांबलं.

शेवटी आम्हाला मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे लहान मुलांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने मुलीच्या कानापुढे, गालावर, बोटाने हलकेच टिचकी मारली. त्या बाजूचा ओठ उडाला. पुन्हा मारली, पुन्हा उडाला. मुलगी हसायला लागली. डॉक्टरीण हसली नाही. मग ती म्हणाली, "मूठ कर बघू." मुलीने मूठ वळली. आपण मूठ वळतो तेव्हा बोटांच्या मुळाशी चार उंचवटे दिसतात. तिच्या मुठीत करंगळीशेजारच्या बोटाच्या जागी उंचवट्याऐवजी खळगा होता.

"ताई, आता तुम्ही मूठ करा."

मी मूठ केली. माझ्याही हातावर तोच खळगा.

माझे हात लहान आहेत हे मला माहीत होतं. लग्नात चुडा भरताना कासार खूष झाला होता, "असो हात आसलो तर माझी कांकणां फुटूची नाय," म्हणाला होता. माझ्या वडिलांचेही हात असेच. ते खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, मये ते डिचोली ते जेटी अशा फेऱ्या मारत. बुटके होते, सीटवर उशी घेऊन बसत. स्टीअरिंगवरच्या त्यांच्या मुठी मला आठवतात. त्यात काही आजार असेल असं कोणाला कशाला वाटेल? आमच्या माहेरी सगळेच बुटके.

रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरणीने आम्हाला समोर बसवून सांगितलं. गळ्यात डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की त्या एक हार्मोन सोडतात. ते हार्मोन मूत्रपिंडाला सांगतं की कॅल्शियम राखून ठेव, फॉस्फेट बाहेर टाक. काही मुलांमध्ये हे हार्मोन तयारच होत नाही. माझ्या मुलीच्या रक्तात ते होतं, आणि हवं त्याच्या कितीतरी पट जास्त होतं. ग्रंथी बिचाऱ्या ओरडून ओरडून सांगत होत्या आणि मूत्रपिंडाला त्याचा पत्ता नव्हता. त्यामुळे कॅल्शियम खाली, फॉस्फेट वर. मेंदूला कॅल्शियम कमी पडलं की आकडी, हाताला कमी पडलं की आखडणं.

आजाराचं नाव स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम. आमच्या गावच्या बसच्या बोर्डावर मावणार नाही एवढं लांब. माझा नवरा वीज खात्यात लाइनमन आहे, त्याला बरोबर समजलं. "म्हणजे लाइन चालू आहे, फ्यूज पण चांगला आहे, पण घरात दिवा पेटत नाही," तो म्हणाला. डॉक्टरीण म्हणाली, "तसंच."

मग मी विचारलं, हे माझ्याकडून गेलं का. तिने आडपडदा ठेवला नाही. हो, म्हणाली. हा दोष वडिलांकडून आला तर बहुतेक वेळा नुसती बोटं आखूड, उंची कमी, एवढ्यावर भागतं. तुमचं तसं झालं असणार. आईकडून आला तर मात्र आजार येतो. मी मान हलवली. रडले वगैरे नाही. इस्पितळात माझ्या मागे बायका मुलं घेऊन रांगेत उभ्या होत्या.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं, हेही सांगितलं. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, पण कान तिखट. थोडा वेळ वाल सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा नाक मोठा. ता झिलाक इला. म्हणान त्याका कोणी इस्पितळात नेल्यानी काय?" माझा नवरा बाहेरून ओरडला, "माझ्या नाकाक मधे हाडू नको!" त्यानंतर आमच्या घरात माझ्या बोटांचा विषय निघाला नाही. माझ्या माहेरी निघाला, पण तिथे माझ्या काकूला विषय लागतच असतो.

औषधं दोन. एक ड जीवनसत्त्वाची, शरीराला ते तयार रूपात मिळेल अशी कॅप्सूल, दिवसातून दोनदा. दुसरी कॅल्शियमची गोळी, आणि तिचा नियम कडक: प्रत्येक जेवणाबरोबर, पहिल्या दोन घासांनंतर, चावून. आधी नाही, नंतर नाही. कारण ती गोळी नुसतं कॅल्शियम देत नाही. जेवणातलं फॉस्फेट पोटातच धरून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही. आणि एक पथ्य, जे ऐकून मी स्वतः चक्रावले होते. दूध दिवसाला कपभर, त्याहून जास्त नको. सुकी मासळी नको. काटे चावून खाणं नको. त्या सगळ्यात फॉस्फेट भरपूर.

मी गावच्या दूध सोसायटीत काम करते. सकाळ-संध्याकाळ दूध घेणं, फॅट बघणं, कॅन गाडीत चढवणं. माझ्या मुलीला दूध कमी द्यायला सांगितलंय हे कळल्यावर सोसायटीत एकच हशा पिकला. "दूधवालीच्या चेडवाक दूध नको? मगे आमच्या दुधात काय पडला गो?" मी म्हटलं, "पाणी पडतं ते मला माहीत आहे. आणखी काय पडतं ते तुम्ही सांगा." विषय तिथे संपला. पण वाड्यावर दुसरीच गोष्ट पसरली होती. लोकांना हार्मोन कळलं नाही, मूत्रपिंड कळलं नाही. कॅल्शियम हा एकच शब्द कळला. अमक्याच्या मुलीला कॅल्शियम कमी. मग कोणी नाचणीचं सत्त्व आणून दिलं, कोणी गावठी अंडी, एका बाईने तर पानाला लावायचा चुना. मी सगळ्यांना थांबवलं. कोणी रागावलं, कोणी नाही. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या राहून मान हलवत होत्या, "डॉक्टरान सांगला मा, नको म्हणान." माझी समजूत होती की निदान घरातलं माणूस तरी माझ्या बाजूला आहे.

औषध लागलं. आकड्या थांबल्या. सुस्ती आणणारं जुनं औषध डॉक्टरांनी हळूहळू बंद केलं आणि मुलगी पहिल्यांदाच वर्गात जागी दिसायला लागली. हात आखडणं गेलं. असं चांगलं वर्षभर चाललं.

मग फेब्रुवारीच्या तपासणीत फॉस्फेट वर गेलेलं निघालं आणि कॅल्शियम खाली. डॉक्टरणीने विचारलं, गोळ्या चुकतात का. मी म्हटलं, नाही. तिने पुन्हा विचारलं. मला राग आला, पण तिचं काम आहे विचारणं. तिने डोस वाढवला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी मुलीच्या डोळ्यांत थेंब घालून यंत्रातून बराच वेळ बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की भिंगाच्या कडेला बारीक ठिपके आले आहेत. आता तिला दिसायला काही त्रास नाही. पण रक्तातलं असंच राहिलं तर ते वाढतील. मोतीबिंदू. दहा वर्षांच्या मुलीला.

हे मी नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं नाही. म्हाताऱ्या बाईला सांगून तिने देवाला आणखी एक नारळ ठेवण्यापलीकडे काय होणार होतं? मुलीलाही सांगितलं नाही.

नवरा म्हणाला, "गोळ्या टाकत असेल कुठेतरी. मी पण टाकायचो."

म्हणून मी शोधलं. कपाटामागे, खिडकीखालच्या गवतात, दप्तराच्या तळाशी. एकही गोळी सापडली नाही. मुलीने मला दप्तर उलटं करताना बघितलं.

"मी टाकत नाही," ती म्हणाली. "देवाशपथ टाकत नाही."

"मग रिपोर्ट असे का येतात?"

"मला काय माहीत? मी काय डॉक्टर आहे?"

तिच्या आवाजावरून कळत होतं की ती खरं बोलते आहे. त्यामुळे तर जास्तच काळजी. गोळ्या पोटात जातात आणि काम करत नाहीत, याचा अर्थ आजार वाढला, असाच मी लावला. मेमध्ये पुन्हा रक्त तपासायचं होतं. त्यातही सुधारणा नसेल तर भरती करून शिरेतून कॅल्शियम द्यायचं, असं डॉक्टरणीने सांगितलं होतं. आणि त्या रविवारी, सोलां करताना, तिचा हात आखडला.

हात सुटल्यावर ती आत जाऊन पडली. मी परत आदोळीवर बसले, कारण फळं थांबत नाहीत. इतक्यात अंगणात नुस्तेकारीण, म्हणजे मासेवाली, आली. समुद्राकडची बाई, वर्षानुवर्षं आमच्याकडे येते. मेमध्ये ओलं कमी आणि सुकं जास्त आणते, पावसाच्या पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी. पाटी उतरवून ती पायरीवर बसली. सासूबाई आतून आल्या. मी कोपऱ्यात, माडाच्या सावलीला होते. तिचं माझ्याकडे लक्ष गेलं नसावं.

"काय गे मांय," ती म्हणाली, "नातीची पूड संपली काय? बारीक तारले हाडलेत. गेल्या म्हयन्याक व्हरलंस, तसलेच. काट्यांसकट कडक सुकलेत, कुटूक बरे."

सासूबाईंनी पाटीवरचं फडकं परत ओढलं.

"आणि सुंगटांची टरफलां पण ठेवलंय तुझ्यासाठी बाजूक. दुसऱ्याक दिवक नाय."

"आज नको," सासूबाई म्हणाल्या. "जा तू आता."

"जा काय? इतक्या उन्हाचा पाणी तरी दी!"

मी उठून तिला पाणी दिलं. तिने मला बघितलं, सासूबाईंकडे बघितलं, आणि पाटी डोक्यावर घेतली. शहाणी बाई. पाणी निम्मं ठेवूनच निघाली.

मी सासूबाईंना म्हटलं, "मांय, पूड कुठे आहे?"

त्यांनी लपवालपवी केली नाही. स्वयंपाकघरात गेल्या आणि मिठाच्या बरणीमागून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. मी झाकण उघडलं. सुके तारले काट्यांसकट, डोक्यांसकट भाजून, सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, टरफलं घालून, कुटून, वस्त्रगाळ केलेली पूड. वास चांगला होता. त्यात थोडं मीठ आणि मिरीसुद्धा होती.

संध्याकाळी मी सोसायटीत जाते, दिवेलागणीला परत येते. तेवढ्यात सासूबाई नातीला वाटीभर पेज देत आणि तीत दोन चमचे ही पूड. जानेवारीपासून, रोज. पेज म्हणजे काही जेवण नव्हे, म्हणून तिच्याबरोबर गोळी नाही.

"कशासाठी?" मी विचारलं.

"हाडांक," त्या म्हणाल्या. "तुझी ती गोळी फॅक्टरीतली. हाडांतला कॅल्शियम हाडांक लागता. माझ्या तिगांय पोरांक मी ह्याच दिलंय. कोणाचा हाड मोडला नाय."

"डॉक्टरांनी सुकी मासळी नको म्हटलं होतं. तुम्ही समोर होता."

"डॉक्टर म्हणता कॅल्शियम कमी. डॉक्टरच म्हणता दूध नको, मासो नको. मगे कॅल्शियम येतला खंयसून? आभाळातसून?" आता त्यांचा आवाज चढला होता. "तिका चुकला असतला. ल्हान आसा ती डॉक्टरीण. मी बघलंय मा, लगीन पण जावक नाय तिचा."

खरं सांगायचं तर त्यांच्या म्हणण्यात तर्क होता. वाड्यावरच्या कोणालाही विचारलं असतं तर त्याने त्यांचीच बाजू घेतली असती. कमी आहे ते घाला, ही साधी गोष्ट. शरीरात ते घातलं तर त्याच्याबरोबर येणारं दुसरंच वर चढतं आणि पहिल्याला खाली ओढतं, हे त्या टेबलापलीकडे बसून नीट ऐकल्याशिवाय मला तरी कुठे कळलं असतं?

मुलगी दारात येऊन उभी होती. मी तिला म्हटलं, "तुला माहीत होतं, सुकं खायचं नाही."

"आजी म्हणाली, हे सुकं नव्हे, औषध आहे."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस, गोळ्या टाकतेस का. मी म्हटलं, नाही. पूड खातेस का, असं तू कुठे विचारलंस?"

मी तिला बाहेर जाऊन साली उलट्या करायला सांगितलं.

मग मी सासूबाईंपुढे पाटावर बसले आणि पुन्हा पहिल्यापासून समजावलं. ग्रंथी, हार्मोन, मूत्रपिंड. दोन डबे घेऊन दाखवलं, एकात पाणी वाढलं की दुसऱ्यातलं कमी कसं होतं. त्या ऐकत होत्या, पण शिक्षकाचं ऐकून घेणाऱ्या मुलासारख्या, सुटका कधी होते याची वाट बघत. शेवटी म्हणाल्या, "माझ्या हातचा खावन आजपर्यंत कोण आजारी पडाक नाय गो."

तेव्हा मी डोळ्यांचं सांगितलं.

त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. त्याआधी त्या तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढत, दिव्याभोवती त्यांना कडं दिसे, आणि एकदा विहिरीच्या काठाशी चुकीच्या बाजूला वळल्या होत्या. मोतीबिंदू म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावायची गरज नव्हती. मी एवढंच म्हटलं, "तुमच्या डोळ्यांत होतं ते तिच्या डोळ्यांत सुरू झालंय. आता बारीक आहे. रक्त सुधारलं नाही तर वाढेल."

त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"माझ्यामुळा?"

मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. ठिपके कधी आले, पुडीच्या आधी की नंतर, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगता येणार नव्हतं. आजार माझ्याकडून आला, पूड त्यांच्याकडून गेली, आणि जुनं औषध चुकीचं चालू होतं ती दोन वर्षं कोणाच्या नावावर घालायची, ते मला अजून कळलेलं नाही. नाही म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण मग आठ दिवसांनी दुसरी कसली तरी पूड निघाली असती.

त्या उठल्या. डबा घेऊन परसात गेल्या आणि सगळी पूड माडाच्या आळ्यात ओतली. आमच्याकडे माडाला मासळीचं खत घालतातच, पण ते कुजकट, टाकाऊ. इतकी निगुतीने केलेली पूड कोणी माडाला घातली नसेल. वर माती ओढली, डबा राखेने घासला, उपडा घातला. मांजर येऊन माती उकरायला लागलं, त्याला त्यांनी पायाने बाजूला केलं, नेहमीसारखी शिवी न देता.

संध्याकाळी सोसायटीतून आले तर चूल पेटलेली नव्हती. सासूबाई ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवरा मला खुणेने म्हणाला, बोलत नाही. मी भात लावला, कढी केली, तिघांना वाढलं. त्यांनी नको म्हटलं.

"उपास कशाला?" मी विचारलं.

"भूक नाय."

"बरं."

मी आग्रह केला नाही. नवऱ्याला ते आवडलं नाही, तो आईच्या ताटाशी घुटमळत राहिला. पण उपाशी राहून मनाला थोडं हलकं वाटत असेल तर तो त्यांचा हक्क आहे, असं मला वाटलं. मुलगी मात्र जेवता जेवता उठली आणि उष्ट्या हाताने आजीजवळ जाऊन बसली. काय बोलली ते मी ऐकलं नाही. मी हाक मारली, "गोळी राहिली गो!" तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "जा, आधी गोळी घे."

झोपायच्या आधी मी त्यांना सांगितलं की उद्या म्हापशाला रक्त द्यायला जायचं आहे, उपाशीपोटी, पहिल्या गाडीने; तुम्हीही चला. त्या म्हणाल्या, मी येवन काय करतलंय. मी म्हटलं, "बसा. बघा. काय विचारायचं ते विचारा. मी दिवसातले चार-पाच तास घरात नसते. तेव्हा तिला सांभाळता ती तुम्ही. तुम्हाला कळलं नाही तर मला कळून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सोसायटीत फोन करून सकाळचं दूध दुसरीला घ्यायला सांगितलं. सासूबाई माझ्याआधी आंघोळ करून तयार होत्या. धारगळला गाडी बदलून आम्ही म्हापशाला पोचलो तेव्हा लॅब नुकती उघडत होती. रक्त काढणाऱ्या मुलीने दंडाला पट्टा बांधला तेव्हा माझ्या मुलीने नेहमीप्रमाणे तोंड फिरवलं. सासूबाईंनी फिरवलं नाही. नळीत रक्त चढताना शेवटपर्यंत बघत होत्या. मग त्या मुलीला विचारलं, "ह्याच्यात दिसता काय गो, काय खाल्ल्यान ता?"

"सगळं दिसत नाही आजी. थोडं दिसतं."

"थोडा कितक्या?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांगा त्यांना."

रिपोर्ट दुपारी मिळणार होता. तो चांगला येणार नाही हे मला माहीत होतं. एका दिवसात काही उतरत नाही. तो घेऊन पुढे डॉक्टरणीकडे जायचं, आणि भरती करायची की नाही ते तिने ठरवायचं. मधल्या वेळात बाजाराजवळच्या हॉटेलात आम्ही बसलो. पुरी-भाजी आली. मी पर्समधून गोळी काढली आणि मुलीच्या ताटाशी ठेवायच्या ऐवजी सासूबाईंकडे दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

"आधी, मधे काय मागसून?" त्यांनी विचारलं.

"मधे. दोन घास झाले की."

मुलीने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. सासूबाईंनी गोळी पुढे केली. ती चावून होईपर्यंत त्यांनी आपल्या पुरीला हात लावला नाही. मग म्हणाल्या, "तोंड उघड बघया." तिने उघडलं.

मी उठून काउंटरवर गेले आणि मोठ्या इस्पितळाकडे जाणारी गाडी कुठून सुटते ते विचारलं.